कमाटीबाग ते कलाशाळा : बडोद्याच्या प्रदर्शनाचे दार कोणाच्या हातात?

काही दिवसांपूर्वी एका बैठकीत मी बडोद्याच्या कलाशाळेचा विषय काढला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला मध्येच थांबवले. म्हणाले, "चित्रकारांच्या भांडणात आपलं काय काम? भांडणारे तेच, मारणारेही तेच. आपल्या पोरांची शिष्यवृत्ती दोन दोन वर्षं अडकते, त्यावर बोल." त्यांचा राग मला कळतो. त्यांनी आयुष्यभर मोर्चे काढले, त्यांना गॅलरीतली पांढरी भिंत आणि हातात वाइनचा ग्लास घेऊन चित्रासमोर मान डोलावणारी माणसे परकी वाटणारच. मलाही वाटतात. पण त्यांचे म्हणणे मला पटलेले नाही, आणि का पटलेले नाही हे बैठकीत दोन मिनिटांत सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा ही स्वतंत्र भारतातली आधुनिक कलेची सर्वांत नावाजलेली शाळा. तिची वार्षिक प्रदर्शने, तिथला मेळा, तिथली व्याख्याने यांच्याविषयी कलाक्षेत्रात फार अभिमानाने बोलले जाते. दार सगळ्यांना उघडे, कुणीही यावे, पाहावे, ऐकावे. याच अभिमानासोबत नेहमीचे वाक्य येते की कलेला जात नसते. आपण या दाराचा इतिहास पाहू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि सुरुवात चित्रापासून होणार नाही.

सप्टेंबर १९१७. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनहून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले होते. सयाजीरावांनी १९१३ साली त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती, त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करायची असा करार होता. रुजू व्हायला आलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन दारात उभे. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर बघ. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोवर ढकलले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कुठे काढायचे? ते कमाटीबागेत जाऊन बसले. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

आता या बागेकडे नीट पाहा. कमाटीबाग सयाजीरावांनी १८७९ साली लोकांसाठी केली. तिच्यातच बडोद्याचे संग्रहालय आहे, १८९४ पासून. म्हणजे ज्या दिवशी एका अर्थशास्त्राच्या विद्वानाला साऱ्या शहरात रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही, त्या दिवशी त्याच बागेत दगडी इमारतीत जगभरातून आणलेल्या वस्तू काचेच्या कपाटात नीट मांडून ठेवलेल्या होत्या. बाग सार्वजनिक, संग्रहालय सार्वजनिक. घर मात्र कुणाचेच सार्वजनिक नव्हते.

सयाजीरावांवर मला टीका करायची नाही. त्यांच्याविषयी आपल्या मनात कृतज्ञता आहे आणि ती असलीच पाहिजे. अंत्यजांसाठी शाळा त्यांनी १८८० च्या दशकात काढल्या, तिथे शिकवायला हिंदू मास्तर मिळेनात तेव्हा मुसलमान मास्तर नेमले, १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. इंग्रज सरकारच्या मुलखातही तेव्हा हे नव्हते. पण राजा चांगला असला तरी दार राजाचेच. त्याने उघडले तर उघडले. दिवाणापासून शिपायापर्यंत मधल्या माणसांनी ते ढकलून बंद केले, तर आत कुणाला बोलवायचे? बाबासाहेबांना राहायला जागा द्या म्हणून महाराजांकडे अर्ज गेला, तो दिवाणांकडे आला आणि दिवाणांनी असमर्थता दाखवली. पुढे जे सांगायचे आहे त्याची जात हीच आहे.

याच बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले. ते काढले प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी, सयाजीरावांच्या आश्रयाने. गज्जर हे सुरतचे, सुतार समाजातले, बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. एका कारागीर जातीतल्या माणसाने उभी केलेली ही संस्था आणि तिचे नाव 'कलाभवन'. तिथे चित्रकला होती, तशीच रंगाई होती, विणकाम होते, सुतारकाम होते, यंत्रविद्या होती. शिकवण्याचे माध्यम देशी भाषा. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. नंतर इथेच शिकले, फोटोग्राफीही इथेच. या कलाभवनात 'कला' शब्दाचा अर्थ हाताचे कौशल्य असा होता. रंगारी आणि चित्रकार एका छपराखाली होते.

मग १९४९ साली विद्यापीठ झाले. हंसा मेहता कुलगुरू. कलाभवनाचे काय झाले? ते तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेत गेले. चित्र आणि शिल्प यांच्यासाठी १९५० साली वेगळी ललितकला विद्याशाखा निघाली. मार्कंड भट्ट पहिले डीन, चित्रकला विभागाला आपले इंदूरचे ना. श्री. बेंद्रे, शिल्पाला शंखो चौधुरी, आणि पुढच्याच वर्षी के. जी. सुब्रमण्यन आले. कलेची विद्यापीठीय पदवी देणारी ही देशातली पहिली शाळा असे मानतात. पदवी मिळाली ही मोठी गोष्ट होती. पण या वाटणीकडे कलेचे इतिहासकार प्रशासकीय बाब म्हणून पाहतात, मी तसे पाहत नाही. हात एका इमारतीत गेला, 'ललित' दुसऱ्या इमारतीत गेली. जातिव्यवस्था ही कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. स्वतंत्र भारताच्या विद्यापीठात कुणीही मनू हातात घेऊन बसले नव्हते. तरीही रेघ अगदी जुन्याच ठिकाणी पडली.

सुब्रमण्यन यांना ही फट दिसली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ते शांतिनिकेतनात शिकलेले, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेलेले गांधीवादी. हातमाग मंडळावर काम करून आलेले. कारागिरी आणि कला वेगळी नाही असे ते आयुष्यभर लिहीत राहिले. १९६१ साली बडोद्यात ललितकला मेळा सुरू झाला तो याच विचारातून. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी करायची, मातीची भांडी, बाहुल्या, कापडावर छपाई, दागिने. ती स्वस्तात विकायची. शहरातली कुटुंबे मुलाबाळांना घेऊन यायची. नाटके, गाणी, खाण्याच्या टपऱ्या. गॅलरीच्या उंबऱ्याला बिचकणारा माणूस मेळ्यात बिनधास्त शिरतो. कलाशाळेने लोकांकडे जाण्याचा याहून चांगला प्रयत्न त्या काळात देशात फारसा कुठे झाला नसेल.

पण मेळ्यातल्या मातीच्या घोड्याकडे बघून मला एक प्रश्न पडतो. तो घोडा विद्यार्थ्याने केला तर ती कला, कारण त्याच्या मागे पदवी आहे, निवड आहे, 'मी हे का केले' हे सांगणारे व्याख्यान आहे. तोच घोडा कुंभाराने केला तर ती परंपरा, कारण त्याच्या मागे बाप आहे. परंपरेचा सन्मान म्हणजे कुंभाराच्या पोराने कुंभारच राहावे आणि आपण त्याला दाद द्यावी. गांधींनी वंशपरंपरागत धंद्याचे समर्थन केले आणि बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले, तो वाद राजकारणाचा म्हणून आपण वाचतो. तो कलाशाळेच्या आवारातही होता. तिथे फक्त गांधींची बाजू मांडणारेच बसले होते. आणि कुंभार, सुतार, विणकर यांना निदान 'परंपरा' म्हणून तरी मान मिळाला. चामड्याचे काम करणाऱ्याला, हलगी मढवणाऱ्याला, झाडू बांधणाऱ्याला तोही नाही.

व्याख्यानांचेही तेच. बडोद्याचा कलेतिहास विभाग देशात नावाजलेला. स्लाइड दाखवून शिकवायचे, बाहेरून अभ्यासक यायचे, पुढे चर्चासत्रे व्हायची. त्यांतूनच शिवाजी पणिक्कर, पारुल दवे मुखर्जी आणि दीप्ता आचार यांनी संपादित केलेला नव्या कलेतिहासाविषयीचा ग्रंथ २००३ मध्ये आला, आणि कलेच्या अभ्यासात लिंग, जात, सत्ता हे प्रश्न आणण्याची धडपड त्यात आहे. पण त्याआधीची पन्नास वर्षे? देशभरातल्या कलाशाळांत अजिंठा शिकवला जातो तो रेषेसाठी, रंगासाठी, छायाप्रकाशासाठी. भिक्खूसंघ, विहार आणि बुद्धाचा समतेचा धम्म हा तळटीपेचा विषय. आपले यशदत्त आलोणे, जे दिल्लीत जेएनयूमध्ये कलेतिहास शिकवत आले, त्यांनी याला 'संरक्षित अज्ञान' असा शब्द वापरला आहे. माहीत नसणे ही चूक नाही, माहीत करून न घेण्याची व्यवस्था केली जाते. शब्द फार नेमका आहे.

याच १९५० साली बडोद्यापासून दूर औरंगाबादला दुसरी एक संस्था सुरू झाली होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज, पुढचे मिलिंद महाविद्यालय. मला ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहायला आवडतात. मिलिंदच्या आवारातून आणि त्याच्या आसपासून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत काय निघाले ते महाराष्ट्राला माहीत आहे. कवी निघाले, कथाकार निघाले, 'अस्मितादर्श' निघाले. मुंबईत १९७२ मध्ये पँथर आली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचे 'गोलपिठा' आले. मराठी साहित्याचे तोंड या पोरांनी फिरवले. मग चित्रकलेत असे का झाले नाही?

माझे उत्तर साधे आहे. कविता लिहायला वही लागते. ती कारखान्याच्या पाळीनंतर, स्टेशनच्या बाकड्यावर, झोपडीतल्या चिमणीच्या उजेडात लिहिता येते. ती छापायला चार मित्रांनी वर्गणी काढून सायक्लोस्टाइल करता येते. वाचून दाखवायला गल्ली पुरते. चित्राला कॅनव्हास लागतो, रंग लागतात, कोरीवकामाला जस्ताचा पत्रा आणि छापायचे यंत्र लागते, ठेवायला जागा लागते. एवढे सगळे जमवून चित्र झाले तरी ते लावायला भिंत लागते, आणि त्याच्याविषयी बोलणारा कुणीतरी लागतो. वही आपली होती. भिंत त्यांची होती. आणि इथे आपलीही चूक कबूल करायला हवी. आपण कॉलेजे काढली, वसतिगृहे काढली, विहार बांधले. कलाशाळा काढली नाही. प्रत्येक विहारात बुद्धाची मूर्ती हवी, प्रत्येक चौकात बाबासाहेबांचा पुतळा हवा, पण तो घडवणारा हात कुठे शिकेल याचा विचार आपण केला नाही.

१९८१ साली 'प्लेस फॉर पीपल' नावाचे प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झाले. भारतीय चित्रकलेत साधा माणूस परत आणणारे म्हणून त्याची नोंद प्रत्येक पुस्तकात असते. सहा चित्रकार : भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, सुधीर पटवर्धन, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी. पहिल्या तिघांचे बडोद्याशी जवळचे नाते. पटवर्धनांनी रंगवलेला मुंबईचा कामगार मला मनापासून आवडतो, त्यात दया नाही, डोळ्याला डोळा भिडवणारी बरोबरी आहे. तरीही सहा जणांत पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातला एकही नव्हता. 'पीपल' भिंतीवर होते, ब्रश धरणारे दुसरे होते.

मग १९८७. त्या वर्षी बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत 'क्वेश्चन्स अँड डायलॉग' हे प्रदर्शन झाले. के. पी. कृष्णकुमार आणि बहुतेक केरळचे त्यांचे सोबती. चित्र ही श्रीमंताच्या दिवाणखान्याची वस्तू झाली आहे, याला विरोध करायचा म्हणून ते उभे राहिले होते. त्यांचा जाहीरनामा अनिता दुबे यांनी लिहिला. खरे बंडखोर होते ते. त्यांनी बाजाराला प्रश्न विचारले. जातीशी संवाद मात्र त्या प्रदर्शनाच्या मध्यभागी नव्हता.

त्याच १९८७ साली महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. वसंत मून संपादक. राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टाने भावना दुखावल्या म्हणून शिवसेनेने आणि इतरांनी काहूर माजवले. अमरावतीत ग्रंथ जाळला. सरकारने परिशिष्ट काढायची तयारी दाखवली. फेब्रुवारी १९८८ मध्ये आपली माणसे लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे परिशिष्ट राहिले, आणि सरकार या मतांशी सहमत असेलच असे नाही अशी टीप त्याला चिकटली. 'भावना दुखावल्या' हे शब्द लक्षात ठेवा. वीस वर्षांनी तेच शब्द बडोद्याच्या कलाशाळेच्या फाटकातून आत शिरणार होते.

त्याआधी सवी सावरकरांविषयी. नावावरून कुणी गैरसमज करून घेऊ नये. हे नागपूरचे, १९६१ चा जन्म, आंबेडकरी घरातले. नागपूरहून ते बडोद्याला मुद्राचित्रण शिकायला गेले आणि पुढे दिल्लीच्या कलामहाविद्यालयात शिकवू लागले. त्यांच्या एका मुद्राचित्रात पेशवाईतल्या पुण्याचा अस्पृश्य आहे, थुंकीसाठी गळ्यात मडके, पावलांचे ठसे पुसायला मागे झाडू. हे आपण भाषणात हजार वेळा ऐकलेले. पण काळ्या शाईत, खरवडलेल्या रेषेत ते समोर आले की भाषण ऐकताना हलवतो तशी मान हलवता येत नाही. त्यांनी देवदासी रंगवली, मनू रंगवला. त्यांच्या चित्रातला माणूस कुणाच्या सहानुभूतीचा विषय नाही, तो चित्रकाराचा आजोबा आहे. बडोद्याच्या कलेवरची मोठी, जाडजूड पुस्तके काढून बघा. जे प्रकरण भूपेन खख्खरांना मिळते, त्याच्या चौथा हिस्सा जागा सवींना मिळते का? त्यांच्या कामाचा गंभीर अभ्यास एका अमेरिकन प्राध्यापकाने, गॅरी टार्टाकोव्ह यांनी केला. आपल्या देशातल्या कलाशाळांनी नाही.

आता मे २००७. बडोद्यात दरवर्षी परीक्षेसाठी विद्यार्थी आपले वर्षभराचे काम मांडतात. परीक्षक येतात, शिक्षक येतात, मित्र आणि शहरातले रसिकही डोकावतात. सवींच्याच विषयाचा, मुद्राचित्रणाचा, पदव्युत्तर विद्यार्थी चंद्रमोहन, आंध्रातून आलेला. त्याच्या चित्रांत देवी होती, क्रूस होता. ९ मे रोजी हिंदुत्ववादी कार्यकर्ते आवारात घुसले. काही ख्रिस्ती मंडळींचीही तक्रार होती. पोलिसांनी चंद्रमोहनला आवारातून उचलले. धार्मिक भावना दुखावल्याची कलमे लागली आणि पोरगा काही दिवस तुरुंगात राहिला. घुसणाऱ्यांविरुद्ध विद्यापीठाने फिर्याद दिली नाही.

यानंतर जे झाले ते या सगळ्या इतिहासातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे प्रदर्शन आहे. ११ मे रोजी कलेतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विभागाच्या संग्रहातल्या प्रतिमा काढल्या, ज्या त्यांना वर्गात पडद्यावर दाखवून शिकवल्या जात होत्या. शृंगाराच्या, नग्नतेच्या, मंदिरावरच्या आणि पोथ्यांतल्या. त्या त्यांनी विभागाच्या व्हरांड्यात लावल्या. भाषण नाही, घोषणा नाही. ज्याला तुम्ही आमची संस्कृती म्हणता ती ही बघा. विद्यापीठाने हुकूम दिला, प्रदर्शन बंद करा. प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला. त्यांना निलंबित केले आणि विभागाला कुलूप लागले. ज्या संग्रहातून दोन पिढ्या शिकल्या त्या संग्रहालाच सील!

देशभरातले कलावंत रस्त्यावर आले. निवेदनांत एक मुद्दा पुन्हा पुन्हा येत होता. ही अंतर्गत परीक्षा होती, सार्वजनिक प्रदर्शन नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हा बचाव बरोबर होता, वकील तेच सांगणार. पण वाचताना मला चमत्कारिक वाटले. ज्या शाळेचा पन्नास वर्षांचा अभिमान 'आमचे दार सगळ्यांना उघडे' हा, तिला संकटाच्या दिवशी सांगावे लागले की दार उघडे नव्हतेच. उघडेपणा हा हक्क म्हणून कधी लिहिलाच गेला नव्हता. तो चालत आलेला शिरस्ता होता. मालकाची मर्जी होती तोवर चालला.

आता त्या ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येतो. २००७ मध्ये आपल्यातले बरेच जण म्हणाले होते की हे सवर्णांचे घरातले भांडण आहे. मला वाटते तिथे आपण चुकलो. कारण असा अनुभव सर्वांत आधी आपल्या माणसाला आला होता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण लिहून झाले, मंडळाने ते आधी वाचायला मागितले. वाचून घाबरले. वेद आणि शास्त्रांवरचा भाग काढा म्हणाले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद रद्द. आधुनिक भारतातले सर्वांत महत्त्वाचे व्याख्यान कोणत्याही सभागृहात झाले नाही. सभागृह मंडळाचे होते ना! बाबासाहेबांनी काय केले? स्वतःच्या खर्चाने दीड हजार प्रती छापल्या. दोन महिन्यांत संपल्या.

पणिक्करांना जो हुकूम आला तो लाहोरच्या पत्रांपेक्षा वेगळा नव्हता. कार्यक्रम करा, पण यातले हे काढा. म्हणून चंद्रमोहन आपला होता, त्याची जात कोणतीही असो. त्याच्या चित्रांवर माझे मत विचाराल तर ती मला फार मोठी वाटली नाहीत. तो मुद्दाच नाही. ज्या कलमाने त्याला आत टाकले ते कलम 'रिडल्स'च्या अंगावर आले असते, मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या अंगावर आले असते, सवींच्या मनूच्या अंगावर उद्या येईल. कलाजगाविषयीची आपली तक्रार खरी आहे. पण तक्रार आहे म्हणून कुलूप लावणाऱ्याच्या बाजूला, किंवा कुंपणावर, आपल्याला बसता येणार नाही.

आणि कलाजगालाही एक सांगायचे आहे. २००७ नंतर तुम्ही 'कलाशाळेचे दार बंद झाले' असे लिहिता, तेव्हा ते त्या दिवशी पहिल्यांदा बंद झाले असे तुम्हाला वाटते. प्रवेश परीक्षेला घरी रंगपेटी नसलेला मुलगा येतो तेव्हा ते किती उघडे असते? आमच्या ओळखीचा एक मुलगा, भीमजयंतीचे देखावे रंगवून हात तयार झालेला, एका कलाशाळेत मुलाखतीला गेला. 'तुझ्यावर कोणत्या चित्रकाराचा प्रभाव आहे' असे विचारले. त्याने वस्तीतल्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचे नाव सांगितले. समोरचे हसले. तो आता बॅनरचे डिझाइन करतो, चांगले करतो. त्या दिवशी पोलीस आले नव्हते, निवेदने निघाली नाहीत.

चंद्रमोहनची गोष्ट तिथे संपली नाही. त्याचा निकाल विद्यापीठाने रोखून धरला. एक वर्ष, दोन वर्षे, दहा वर्षे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात गेला आणि कुलगुरूंच्या कार्यालयाला आग लावली. मी आगीचे समर्थन करत नाही. पण पदवीच्या एका कागदासाठी अकरा वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला ज्यांनी २००७ मध्ये निवेदने लिहिली होती त्यांपैकी कितींनी मधल्या काळात फोन केला असेल, हा विचार येतो. मे २०२२ मध्ये तिथेच पुन्हा एका विद्यार्थ्याला काढून टाकले. त्याने बलात्काराच्या बातम्यांची कात्रणे कापून देवींच्या आकृती केल्या होत्या, तेही परीक्षेसाठीच. यावेळी आवाजही तेवढा उठला नाही.

तर भिंत कुठून आणायची? माझ्या मते आपण तिचे उत्तर न कळत देत आलो आहोत. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर जा. पुस्तकांच्या दुकानांच्या मध्ये चित्रांची दुकाने असतात. बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, रमाई, बुद्ध. काचेच्या फ्रेमा, कॅलेंडरे, प्लास्टरचे पुतळे, हातात संविधान, निळा कोट. लाखो माणसे ते पाहतात, हातात घेतात, पैसे मोजून घरी नेतात. देशातल्या कुठल्या कलाशाळेच्या प्रदर्शनाला एवढे प्रेक्षक येतात? त्यातली बरीच चित्रे साचेबंद असतात, हे मला मान्य आहे, आणि त्यावर आपण आपसात बोललेही पाहिजे. पण त्या भिंतीला कुलूप नाही. दुसरीकडे आपली शिकलेली मुले गॅलऱ्यांतही घुसली आहेत. विक्रांत भिसे पँथर आणि नामांतराचा इतिहास रंगवतो आहे, राज्यश्री गुडी अन्न आणि जात यांवर काम करते, प्रभाकर कांबळे स्वतः चित्रे करतो आणि इतरांची प्रदर्शनेही मांडतो, अमोल पाटीलचे काम २०२२ मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटापर्यंत गेले. हे दोन प्रवाह, शिवाजी पार्कचा आणि गॅलरीचा, अजून एकमेकांना भेटलेले नाहीत. मैदानात येणाऱ्या बाईने सवींचे चित्र पाहिलेले नाही. गॅलरीत जाणाऱ्याने प्लास्टरच्या पुतळ्याकडे कधी वळून पाहिले नाही.

म्हणून एक सूचना करतो, त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यालाही आणि बडोदा, सुरत, नाशिक, मुंबईच्या मित्रांनाही. कमाटीबागेत बाबासाहेब जिथे बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. २३ सप्टेंबरला, संकल्प दिनाला, तिथे दरवर्षी माणसे जमतात, वंदना होते, भाषणे होतात. त्याच बागेत ते जुने संग्रहालय आहे आणि कलाशाळा तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. यंदा त्या दिवशी भाषणांच्या मंडपाशेजारी एक दोरी बांधू. वस्तीतल्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरची चित्रे, कलाशाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींची चित्रे, एकाच दोरीवर. प्रत्येक चित्राजवळ चित्रकाराने उभे राहायचे आणि विचारेल त्याला सांगायचे. कलाशाळेतल्या ज्या शिक्षकांना यावेसे वाटेल त्यांनी यावे, खाली सतरंजीवर बसावे. ज्यांना चित्रे द्यायची आहेत त्यांनी आपापल्या गावच्या शाखेत ऑगस्टअखेरपर्यंत नावे द्यावीत. चित्र वाचून परवानगी देणारी समिती नेमायची नाही.

जय भीम.